कानटोपीवाल्याचा डावा हात

आप्पा वर्तमानपत्र उलटं वाचायचे. समोरचा माणूस पेपर स्वतःकडे धरून बसलेला असला, तरी टेबलाच्या अलीकडून आप्पा अख्खा अग्रलेख संपवत आणि त्याने पान उलटलं की म्हणत, "थांबा वाईच, खालच्या दोन वळी ऱ्हायल्यात." चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवल्याचा हा परिणाम. छापखान्यातली अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी असतात आणि जुळवताना ती वाचायचीही डोक्यावर उभी करून. आप्पांना त्यात एवढी गती होती की दौंडातले दुसरे छापखानेवाले अडलेलं काम घेऊन त्यांच्याकडे यायचे. "माझ्या हातनं उलट्याचं सुलटं कवाच झालं न्हाई," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. ऐकायला दुसरं कुणी नसलं तर मी होतोच.

मी म्हणजे त्या काळातला एक थोर चित्रकार. ही बातमी माझ्याशिवाय कुणाला नव्हती, एवढंच. पुण्यात राहून मी चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला होता, मागे केस वाढवले होते आणि शुद्ध बोलायला लागलो होतो. शिक्षकाची जागा काही निघत नव्हती. म्हणून रोज सकाळच्या एस.टी.ने शिरूरहून दौंडला यायचं आणि स्टेशनजवळच्या आप्पांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांवरचे गणपती काढायचे, असं चाललं होतं. निवडणूक आली की गणपती बाजूला ठेवून उमेदवारांच्या निशाण्या काढायच्या. घरी मात्र मी सांगायचो, "एका प्रकाशन संस्थेत कला विभाग सांभाळतो." त्या विभागात मी, एक स्टूल आणि शाईच्या डब्यावर झोपणारं एक मांजर असे तिघे होतो.

आप्पांना सहीचा नाद होता. छापायच्या आधी गिऱ्हाइकाने कच्चा कागद वाचून त्यावर "वाचले, तपासले, बरोबर आहे" असं लिहून सही करायची, ही सगळ्या छापखान्यांची रीत. आप्पांनी ती छापखान्याबाहेर नेली. घरून किराण्याची यादी आली की त्यावर काकूंची सही लागायची. एकदा काकूंनी सही न करता यादी पाठवली, तर आप्पा मोकळी पिशवी घेऊन घरी गेले. काकू म्हणाल्या, "आता माझी सही भाजून खावा." त्या दिवशी त्यांनी खरंच दुसरं काही केलं नाही.

त्यांचा तिसरा नाद म्हणजे खरेपणा. पत्रिकेवर 'आपले दर्शनाभिलाषी' म्हणून पन्नास नावं आली की आप्पा विचारायचे, "ह्यातल्या किती जनांला खरंच दर्शन पायजे?" गिऱ्हाईक हसून सोडून द्यायचं. आप्पा हसत नसत. त्यांना खरंच आकडा हवा असायचा.

अशा माणसाला मी माझी वही दाखवली, हा माझा मूर्खपणा. वहीत माझा नायक होता. तोंडावर मुखवटा, पाठीवर झूल, अंगात कातडीला चिकटलेला काळा पोशाख, छाती अशी की दोन पानं लागायची. एका उंच इमारतीच्या कठड्यावर उभं राहून तो खालच्या पापी शहराकडे बघत होता. आप्पांनी वही घेतली, सवयीने उलटी धरली आणि बराच वेळ बघून विचारलं, "ह्यो लघवीला कसा जातो?"

मी म्हणालो, "आप्पा, ही कल्पना आहे."

"कल्पना असू दे की. कल्पना काय दिसभर दाबून बसती का?" मग बोट पोशाखावर ठेवून, "आन् हे कापड दौंडात कुठं मिळतंय? शिवलं कुनी? टेलरनं गावभर सांगितलं न्हाई व्हय?"

मी वही ओढून घेतली. घरी जाऊन ठरवलं की या अडाणी माणसाकडे राहायचंच नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, कारण राजीनामा कुणाच्या नावाने लिहायचा हेच कळेना. चौथ्या दिवशी आप्पाच म्हणाले, "काढू आपन. चित्रांची गोष्ट. तोंड झाकलेला मानूस, गावातल्या भानगडी भाईर काढतो. पर समदं खरं काढायचं. सहा अंक. जास्त न्हाई."

"सहाच का?"

"खरा मानूस असली कामं किती दिवस करंल? सहा म्हैने. मग त्येची बायकोच त्येला धरून हानंल."

अशी 'कानटोपी' सुरू झाली. नायकाने तोंड कशाने झाकायचं यावर आम्ही आठवडे बाजारात दोन तास फिरलो. आप्पांची अट होती की वस्तू दौंडात मिळणारी पाहिजे आणि घेताना दुकानदाराला संशय येता कामा नये. शेवटी तपकिरी कानटोपी घेतली, डोळे तेवढे उघडे राहणारी. दिवस वैशाखाचे होते. दुकानदाराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून संशयाची अट तिथेच मोडली होती. वर आप्पांनी मला ती टोपी घालून भर दुपारी सायकलवरून भीमेच्या पुलापर्यंत पाठवलं. परत आलो तेव्हा मागे चार कुत्री होती, तोंडाला पुरळ उठला होता आणि घामाने डोळ्यांची आग होत होती. "हां," आप्पा खूश होऊन म्हणाले, "आता काढ. पुरळ पन काढ."

पुढे हीच पद्धत पडली. कानटोपीवाल्याला भिंत चढायची असली की आधी मी छापखान्यामागची भिंत चढायचो. पहिल्यांदा चढलो तो सरळ पलीकडच्या अंगणात, वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलो. शेजारच्या मावशींनी मला ओळखलं. त्यांनी आधी पाणी दिलं, गुडघ्याला हळद लावली आणि मग शिव्या दिल्या. हे सगळं त्याच क्रमाने दुसऱ्या अंकात आलं. मारामारीवर तर आप्पांनी अशी अट घातली की माझा उत्साहच मेला. "एक ठोसा मारला की दवाखान्याचं पान काढायचं. मारनाराचा हात दुखत न्हाई व्हय?" पहिल्या अंकात मी हौसेने एक जबरदस्त ठोसा काढला आणि पुढची तीन पानं कानटोपीवाला हात गळ्यात बांधून सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसला. डॉक्टर जेवायला गेले होते. तेही काढावं लागलं.

तर हा ठोसा. माझ्या सगळ्या आयुष्याचं गणित त्या ठोशाने बिघडवलं, म्हणून तो नीट सांगतो.

चित्रांचे जस्ताचे ठसे पुण्याहून करून आणणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून मी लिनोवर कोरायचो. चपटा, रबरासारखा तुकडा असतो. जे पांढरं पाहिजे ते कोरून काढायचं, उरलेल्याला शाई लागते, आणि तो तुकडा लाकडावर चिकटवला की अक्षरांच्या शेजारी छापायला बसतो. यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची. कागदावर सगळं उलटं उमटतं. म्हणून आधी चित्र पातळ कागदावर काढून, तो कागद पालथा घालून लिनोवर गिरवायचा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे जाणतो. मी थोर चित्रकार असल्यामुळे सरळ लिनोवरच काढलं.

नायकाने उजव्या हाताने मारलेला ठोसा कागदावर डाव्या हाताचा झाला. गळ्यात बांधलेला हातही डावा. कच्चा कागद समोर आला तेव्हा मी छायाप्रकाशात इतका गुंग होतो की हात मोजलेच नाहीत. आप्पांनी मजकूर वाचला. चित्र ज्याने काढलं त्याने तपासायचं, ही त्यांची रीत. मी ऐटीत लिहिलं, "वाचले, तपासले, बरोबर आहे," आणि खाली झोकदार सही केली.

अंक निघाला. स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर आणि शिरूरच्या एस.टी. स्टँडवर ठेवला. तिसऱ्या दिवशी आप्पा अंक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "ह्येनं बायकूचा शर्ट घातलाय का?"

मी बघितलं. गुंड्या उलट्या बाजूला होत्या. खिसा उजव्या छातीवर होता. आप्पांनी मला ओरडावं असं वाटत होतं. पण त्यांनी गळ्यातल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "छापलं ते छापलं. आता ह्यो मानूस डावखुरा. सहा अंक डावखुराच ऱ्हायला पायजे. पर गुंड्या नीट कर."

आणि ही गोष्ट आमच्या दोघांतच राहिली. आपल्या छापखान्यातून उलटं काही गेलं, हे बाहेर कळावं असं आप्पांना वाटत नव्हतं. मला तर नव्हतंच. सुदैवाने अंकावर माझं खरं नाव नव्हतं. 'चित्रे: कुंचला' असं टोपणनाव मी घेतलं होतं. कल्पना अशी होती की लोक विचारतील, हा कुंचला कोण? तीन अंक झाले तरी कुणी विचारलं नाही.

कानटोपीवाला कोण, हे मात्र सगळे विचारायला लागले. कारण गोष्टीतलं गाव बिननावाचं असलं तरी त्यातली प्रत्येक भिंत, गटार आणि पानपट्टी लोकांच्या ओळखीची होती. रेल्वेचे लोक ड्युटीवर निघताना अंक नेत. वाचनालयात दोघांची हमरीतुमरी झाली. चौथा अंक निघाला आणि या चर्चेला नको तिकडे तोंड फुटलं.

चौथ्या अंकात दुधाची गोष्ट होती. दौंड-शिरूर रस्त्यावरच्या एका गावात दूध संकलन केंद्र होतं. गावाचं नाव सांगत नाही. केंद्राच्या चेअरमनसाहेबांची नातवंडं शिकलेली आहेत, वाचतील. तिथल्या लिटरच्या मापाला आतून एक पोचा होता. आतून ठोकून तळ खोल केलेला, बाहेरच्या कडेमुळे हाताला न लागणारा. आप्पांनी तो शोधला तो त्यांच्या रीतीने. आठ दिवस रोज पहाटे तिथे जाऊन स्वतःच्या खात्रीच्या बाटलीत एकेक लिटर दूध घेतलं आणि काकूंनी आठ दिवस बासुंदी केली. आठव्या दिवशी काकूंनीही सही केली की दूध दर वेळी बाटली भरून थोडं सांडतंय. म्हणजे माणसं लिटरभर म्हणून जे ओततात, ते लिटरपेक्षा जास्त असतं. कानटोपीवाल्याने पोचा पडलेलं माप पळवून त्याच्या जागी चांगलं ठेवलं, एवढीच गोष्ट. ठोसा नाही, काही नाही. माप उचलणारा हात डावा.

आणि त्या केंद्रावर माप घालणारा माणूस डावखुरा होता.

हे आम्हाला माहीत नव्हतं. आप्पांना तरी माहीत असायला हवं होतं, कारण त्यांनी आठ दिवस त्याच्याच हातून दूध घेतलं होतं. पण आप्पांचं सगळं लक्ष मापात. पुढे ते मला म्हणाले, "आठ दिस भांड्याकडं बघितलं, मानसाकडं बघितलंच न्हाई." हे म्हणताना ते स्वतःवर फार चिडलेले होते.

अंक निघून आठवडा झाला असेल. दुपारी एक पन्नाशीचा माणूस छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी, स्वच्छ धुतलेला सदरा, हातात आमचाच अंक. आप्पा म्हणाले, "मामा, या. बसा." तो बसला नाही.

"आप्पा, मी तुमाला कवा काय सांगितलं हुतं का?"

"न्हाई."

"मंग समदे मला का म्हनत्यात? पोरं रस्त्यानं कानटोपी कानटोपी वरडत्यात. हसलो म्या. काल चेअरमननी बोलावून घेतलं. म्हनले, आतली गोष्ट भाईर कुनी नेली ते चित्रात दिसतंय, गावात डावखुरा तूच. उद्यापासनं येऊ नको." मामांनी डाव्या हाताकडे बघितलं. "अठरा वर्सं झाली. माप त्यांचं हुतं, आप्पा. हात तेवढा माजा. म्या कुनाला एक सबूद बोललो न्हाई, त्याचीच लाज वाटायची मला. आन् आता न बोललेलं माज्या नावावर. पावनं म्हनत्यात शिक्रापूरला जा, कंपनीत वॉचमन व्हा. ह्या वयात तितं खोली घेऊन ऱ्हाऊ?"

आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "उद्या दुपारी चेअरमनकडं या. आमी येतो." मामा गेल्यावर आप्पांनी कपाटातून दोन वस्तू काढल्या. पहिल्या अंकातल्या ठोशाचा लिनोचा ठसा, आणि सह्यांची फाइल. दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या.

"एवढंच सांगायचं. हात चुकून उलटा झाला. त्यात मामाचा काय संबंद न्हाई. तू कापलास, तू सांग."

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या चेअरमनसाहेबांची एक शिक्षण संस्था होती, संस्थेची एक शाळा होती, आणि तिथे चित्रकला शिक्षकाची जागा निघाली होती. मी अर्ज केला होता. दोन वर्षांत निघालेली ही पहिलीच जागा.

मी म्हणालो, "आप्पा, गुरुवारी माझी मुलाखत आहे."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील, आणि त्यांनी म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. एक शिवी दिली असती तरी मी उठलो असतो. ते फक्त "बरं" म्हणाले आणि शाईचा रूळ पुसायला लागले.

चेअरमनांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये दहा-बारा माणसं होती. मामा कोपऱ्यात उभे. मी सगळ्यांच्या मागे, जिथे चपला काढल्या होत्या तिथे उभा राहिलो. आप्पांनी टेबलावर ठसा ठेवला, त्याला शाई लावली, वर कागद दाबला आणि उचलून दाखवला. ठशावर उजवा हात, कागदावर डावा. मग त्यांनी शाळेत शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं. कुणाला बघून काढलेला डावा हात हा नव्हे. हा उलटा कापल्यामुळे झालेला डावा हात. पुढच्या अंकांत तोच चालू ठेवावा लागला. आणि पोच्याचं म्हणाल तर तो मी माझ्या बाटलीनं मोजला, मामानं नाही.

पोच्याचं नाव निघताच माणसं चुळबुळली. चेअरमनांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. ते ठशाकडे बघत होते.

"कापला कुणी हा?"

माझ्या पायाखाली कुणाची तरी चप्पल होती. तिचा अंगठा तुटलेला होता. एवढं मला स्पष्ट आठवतं, म्हणजे मी किती वेळ खाली बघत होतो ते कळेल.

"म्या," आप्पा म्हणाले.

"तुम्ही? आप्पा, तुम्ही तर पेपरसुद्धा उलटा वाचता!"

"वय झालं. उलट्याचं सुलटं झालं."

माझ्या सहीची फाइल त्यांच्या काखेत होती. ती त्यांनी उघडली नाही. पोर्चमध्ये आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. चेअरमन तर डोळे पुसेपर्यंत हसले. मला वाटतं, त्यांनाही या हसण्याची गरज होती. पोच्याचा विषय त्यात बुडून गेला. हसता हसता ते म्हणाले, "जा रे मामा, उद्यापासून ये कामावर. ह्या आप्पांनी उगीच तुझी टोपी उडवली." दुसऱ्या दिवशी केंद्रावर नवं माप आलं. कुठून आलं, का आलं, कुणी बोललं नाही.

गुरुवारी माझी मुलाखत झाली. चेअरमनांनी मला ओळखलं. "तुम्ही त्या दिवशी आप्पांबरोबर होता ना? छापखान्यात?"

"हो सर. मशीनवर असतो."

"चित्रकलेचा डिप्लोमा आहे तुमचा. मग त्या म्हाताऱ्याला उलटं कसं कापू दिलंत?"

मी गप्प बसू शकलो असतो. गप्प बसायची मला सवय होती. पण नोकरी समोर दिसत होती. मी हसलो आणि म्हणालो, "मी सांगत होतो सर. पण त्यांनी ऐकलं नाही."

समितीतले सगळे हसले. मला नोकरी लागली. घरी पेढे आणले, आई देवापुढे ठेवायला लागली तेव्हा मी म्हणालो, "राहू दे," आणि का म्हणालो ते तिला सांगितलं नाही.

आप्पांची मात्र पंचाईत झाली. तालुकाभर ती गोष्ट झाली. पत्रिका छापायला आलेला माणूस दारातूनच म्हणायचा, "आप्पा, नवरी उजव्या बाजूला ठेवा बरं, न्हाईतर लगीन उलटं लागंल." यवतचा एक छापखानेवाला, जो पूर्वी यांच्याकडे शिकायला यायचा, तो म्हणे मुद्दाम आरसा भेट देऊन गेला. "माझ्या हातनं कवाच झालं न्हाई" हे वाक्य आप्पांनी सोडून दिलं. समोरच्याचा पेपर उलटा वाचणंही बंद झालं. हे मला काकूंनी एकदा शिरूरच्या बाजारात सांगितलं आणि विचारलं, "तू हुतास की रं तितं. येवढा तपासनारा मानूस, असं कसं झालं?" मी पिशवीतली मेथी नीट करत राहिलो.

शेवटचे दोन अंक आप्पांनी माझ्याशिवाय काढले. चित्रं स्वतः कापली. त्यात कानटोपीवाला भोपळ्यासारखा दिसतो आणि सायकलला तीन चाकं आहेत की काय असं वाटतं. पण हात बरोबर डावा आहे, सगळीकडे. शेवट काय करायचा यावर आमचं पूर्वी भांडण झालं होतं. मला शेवटी टोपी काढून सगळ्या गावासमोर चेहरा दाखवायचा होता, गर्दी, टाळ्या. आप्पा म्हणायचे, "टोपी काढल्यावर त्येला कोन वळखनार? तो आपला चा पिऊन घरी जाईल." सहाव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत एक पाठमोरा माणूस टपरीवर चहा पितोय. शेजारचे लोक कानटोपीवाल्याबद्दल बोलतायत आणि त्याला म्हणतायत, "जरा सरकून बसा की." मी तो अंक शिरूरच्या स्टँडवर विकत घेतला. माझ्या चित्रांनी सजलेल्या चार अंकांत मिळून जे नव्हतं ते त्या वेड्यावाकड्या चौकटीत होतं. मत्सर वाटला. मग लाज वाटली. मग एस.टी. आली.

त्यानंतर मी नऊ वर्षं दौंडला गेलो नाही. रस्ता तोच होता, बस रोज होती. शाळेत मी पोरांना शिकवत होतो की ठसा कोरताना चित्र आधी पालथं घालायचं. दर वर्षी तो धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचो. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, तुमचं कधी चुकलं होतं का?" मी म्हणालो, "एका ओळखीच्या माणसाचं चुकलं होतं." त्या आठवड्यात सकाळची शाळा सुटल्यावर मी दौंडची बस धरली.

छापखान्याच्या जागी फ्लेक्सचं दुकान झालं होतं. आप्पा मागच्या खोलीत खाटेवर बसलेले. खूप वाळले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, "या सर" म्हणाले. पूर्वी 'तू' म्हणणारा माणूस 'या' म्हणाला की कसं वाटतं ते कळलं. मी नऊ वर्षं पाठ केलेलं बोलून टाकलं. पोर्चमधलंही आणि मुलाखतीतलंही, जे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी म्हणालो, "आप्पा, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

माझी अपेक्षा अशी होती की ते म्हणतील, जाऊ दे रे, झालं गेलं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "बोलाय पायजे हुतं."

मग दाराकडे बोट करून, "पर मला कशापायी सांगतोस? मला ठावं हाय. भाईर टपरीवर चार जन बसल्यात, रोज माझी चेष्टा करत्यात. त्यांला सांग."

मी बाहेर गेलो. केस आता पुढूनही गेले होते, खिशाला शाळेचं पेन होतं. चहा सांगितला. चौघे होते, त्यातले दोघे रेल्वेतून निवृत्त झालेले, 'कानटोपी' वाचलेले. मी सांगितलं की तो ठसा मी कापला होता, चूक माझी होती, आप्पांनी माझी नोकरी हुकू नये म्हणून स्वतःवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी धाडसाचं करत होतो.

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, समजतंय आमाला. गुरूसाठी करताय."

"नाही हो, खरंच मी..."

"आता ह्या वयात आप्पांची लाज राखायला स्वतःवर घ्यायचं, लई मोठं मन लागतं." दुसरा चहावाल्याला म्हणाला, "सरांचे पैसे घेऊ नको रे. शिष्य असावा तर असा." मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितका मी थोर होत गेलो. शेवटी त्यांनी मला दुसरा चहा पाजला, आणि खरं सांगायचं तर तो मी प्यालो.

आत आलो. आप्पांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं. पटलं नाही त्यांना. म्हणाले, शिष्य असावा तर असा."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "मंग उद्या परत सांग," ते म्हणाले. "ऱ्हा आज हितं. काकू भाकरी टाकंल. उद्या सकाळी तीच मान्सं असत्यात, परत सांग. पटंस्तवर सांग."

मी घड्याळ बघितलं. "आप्पा, उद्या शाळा आहे माझी," म्हणालो, पाया पडलो आणि पाचची एस.टी. गाठली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे आप्पांनाही माहीत होतं.